सोलर इन्व्हर्टर कोणता घ्यायचा? बयाणा देण्याआधी वाचा

"सोलर बसवायचं आहे, इन्व्हर्टर कोणता घेऊ?" ग्वालियरच्या किला गेट, घासमंडी, हजिरा या भागातल्या मराठी घरांतून हा प्रश्न सारखा येतो. विचारणारा एकच प्रश्न विचारतो, पण त्याच्या पोटात चार असतात. ऑफ-ग्रिड घ्यायचा की हायब्रिड? एमपीपीटीचे जास्त पैसे का द्यायचे? शेजाऱ्यांकडे सोलर असूनही लाइट गेल्यावर त्यांच्याकडे अंधार कसा? आणि घरातला जुना इन्व्हर्टर चालवून घेता येईल का? दुकानात या चारही प्रश्नांवर एकच उत्तर तयार असतं : "भाईसाहब, ले जाइए, पूरा घर चलेगा."

पूर्ण घर चालत नाही. काय चालेल, किती वेळ चालेल आणि कशामुळे बंद पडेल, हे तुम्ही आधी कागदावर मांडलं तर निवड सोपी होते. पॅनल कसं बनतं, वीज कशी तयार होते यात इथे शिरत नाही. निर्णयाला लागेल तेवढंच पाहू.

आधी हे ठरवा : तुम्हाला खरंच ऑफ-ग्रिड हवं आहे का?

बाजारात 'सोलर इन्व्हर्टर' या एकाच नावाखाली तीन वेगळी यंत्रं विकली जातात.

- ऑन-ग्रिड : बॅटरी नाही. पॅनलची वीज घरात वापरली जाते, उरलेली मीटरमधून वीज कंपनीला जाते. लाइट गेली की हा इन्व्हर्टरही दोन सेकंदांच्या आत बंद होतो. तो बिघाड नसतो. पोलवर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून तसा नियमच आहे. शेजाऱ्यांकडच्या अंधाराचं कारण हे.
- ऑफ-ग्रिड : पॅनल, बॅटरी आणि इन्व्हर्टर. वीज कंपनीला काहीही परत जात नाही. बहुतेक यंत्रांत मेन लाइट जोडायची सोय असते, पण ती फक्त घेण्यासाठी.
- हायब्रिड : बॅटरीही आहे आणि उरलेली वीज कंपनीला देताही येते. सगळ्यात महाग, सेटिंगही जास्त.

इथे एक सावधगिरी. दुकानदार ज्याला 'हायब्रिड' म्हणतो ते पुष्कळदा साधं ऑफ-ग्रिडच असतं. सोलर, बॅटरी आणि मेन लाइट तिन्ही जोडता येतात, एवढ्यावरून त्याला ते नाव मिळतं. तेव्हा एकच विचारा : "उरलेली वीज मीटरमधून परत जाईल का, आणि आयएस १६१६९ चं प्रमाणपत्र आहे का?" लाइट गेल्यावर ग्रिडपासून आपोआप तुटण्याच्या चाचणीचं हे मानक आहे. उत्तर 'नाही' असेल तर ते यंत्र ऑफ-ग्रिड आहे, आणि त्याची किंमतही ऑफ-ग्रिडचीच असायला हवी.

आता तुमच्या घराचं. किला गेटला गल्लीबोळापर्यंत तारा आल्या आहेत, मीटर आहे. अशा घराने मीटर काढून निव्वळ उन्हावर राहण्यात शहाणपण नाही. तारा पोचलेल्या नसतील असं शेतावरचं घर, गावाबाहेरचा गोठा, बांधकामाच्या जागेवरची खोली, ही ऑफ-ग्रिडची खरी ठिकाणं. शहरातल्या घराने आधी दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, बिल. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये लागतात. तुमचं घर या मर्यादेत बसत असेल तर बिल वाचवण्यासाठी सोलर लावण्यात फारसा अर्थ नाही. तुम्हाला हवा आहे तो लाइट गेल्यावरचा आधार, आणि त्यासाठी लहान ऑफ-ग्रिड संच पुरतो.

दुसरी, अनुदान. 'पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात. पण ते फक्त ग्रिडला जोडलेल्या घरगुती संचाला. बॅटरीसह हायब्रिड लावता येतो, मात्र बॅटरीसाठी वेगळे पैसे मिळत नाहीत. निव्वळ ऑफ-ग्रिडला या योजनेत काहीच नाही. 'ऑफ-ग्रिडवर सबसिडी काढून देतो' असं म्हणणारा भेटला तर त्याला बयाणा देऊ नका.

थोडक्यात, बिल मोठं आणि लाइट क्वचित जात असेल तर ऑन-ग्रिड. बिल मोठं आणि लाइटही वरचेवर जात असेल तर हायब्रिड. बिल लहान असेल किंवा तारच नसेल तर ऑफ-ग्रिड. लाइट किती वेळा जाते याबद्दल आठवणीवर विसंबू नका, कारण मे महिन्यातल्या आंधीच्या एका रात्रीचा राग वर्षभर टिकतो. महिनाभर कॅलेंडरवर वेळ लिहा.

यापुढचं सगळं बॅटरीवाल्या संचाबद्दल आहे.

घरातल्या जुन्या इन्व्हर्टरला पॅनल जोडू का?

जोडता येतं. बाजारात त्यासाठी वेगळा चार्ज कंट्रोलर मिळतो, मिस्त्री तासाभरात लावून जातो. बिल मात्र कमी होत नाही, आणि लोक पॅनललाच दोष देतात.

खरं कारण असं. साधा इन्व्हर्टर रात्रभर मेन लाइटवर बॅटरी भरत बसतो, कारण त्याचं कामच ते. सकाळी ऊन पडतं तेव्हा बॅटरी आधीच भरलेली असते. पॅनलला वीज टाकायला जागाच नाही. दिवसभराचं ऊन वाया जातं आणि रात्रीचं चार्जिंग बिलात येतं. पॅनल चांगलं, बॅटरी चांगली, इन्व्हर्टरही चांगला, आणि तरी पैसे बुडीत.

म्हणून सोलरसाठी बनवलेल्या यंत्रात प्राधान्यक्रम निवडता येतो. दुकानात हीच पहिली गोष्ट दाखवायला सांगा :

- सोलर–बॅटरी–ग्रिड : आधी ऊन, मग बॅटरी, बॅटरी ठरलेल्या पातळीखाली गेली तरच मेन लाइट. बिल वाचवायचं असेल तर हा.
- सोलर–ग्रिड–बॅटरी : आधी ऊन, मग मेन लाइट, बॅटरी फक्त लाइट गेल्यावर. बॅटरी जास्त वर्षं टिकते. लाइटचा भरवसा नसेल, किंवा घरात ऑक्सिजनचं यंत्र, आजारी माणूस असेल तर हा.

मेन लाइटने बॅटरी भरणं पूर्ण बंद करता येतं का, हेही विचारा. नसेल करता येत तर ते यंत्र सोलरसाठी घेऊ नका. जुना इन्व्हर्टर चालवून घ्यायचाच असेल तर दिवसा त्याचा मेनचा प्लग वेळेवर बंद करणारा टायमर लावून काही प्रमाणात भागतं. ती तात्पुरती सोय समजा.

वेव्ह : इथे काटकसर नको

यंत्रावर 'स्क्वेअर वेव्ह', 'मॉडिफाइड साइन वेव्ह' किंवा 'प्युअर साइन वेव्ह' लिहिलेलं असतं. नुसते एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्जर चालवायचे असतील तर पहिल्या दोघांवर काम निघतं. पण ग्वालियरच्या उन्हाळ्यात कूलर नसलेलं घर दाखवा. मॉडिफाइड वेव्हवर कूलरची मोटर घूंऽऽ करत राहते, तापते आणि तेवढाच वारा द्यायला जास्त वीज खाते. फ्रिजच्या कॉम्प्रेसरचंही तेच.

प्युअर साइन वेव्हच घ्या. खोक्यावर 'साइन वेव्ह' एवढंच लिहिलेलं असेल तर 'प्युअर' हा शब्द पावतीवर लिहून मागा. यावर आणखी विचार करण्यासारखं काही नाही.

पीडब्ल्यूएम की एमपीपीटी : एका पॅनलचा हिशेब

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा सावकाश पाहू.

आज दुकानात सहज मिळणारं पॅनल ५४० वॉटच्या आसपास असतं. त्याच्या मागच्या पट्टीवर साधारण असे आकडे दिसतात : काम करतानाचा व्होल्टेज ४१, करंट १३ अँपिअर, काहीच न जोडता मिळणारा, म्हणजे कोरा व्होल्टेज ४९.५. गुणाकार करा, ४१ गुणिले १३ म्हणजे ५३३.

हे पॅनल २४ व्होल्टच्या बॅटरीला पीडब्ल्यूएम कंट्रोलरमधून जोडलं की कंट्रोलर पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. बॅटरी २७ व्होल्टवर भरत असेल तर मिळतात २७ गुणिले १३, म्हणजे ३५० वॉट. १८० वॉट छतावरच राहिले. बॅटरी १२ व्होल्टची असेल तर १७५ वॉटच हातात येतात. ५४० वॉटचे पैसे देऊन एक तृतीयांश! शिवाय १२ व्होल्टच्या पुष्कळ कंट्रोलरना ४९ व्होल्ट सोसतही नाहीत, ते जळतात.

एमपीपीटी जास्तीचा व्होल्टेज करंटमध्ये बदलून घेतो. तापमान आणि थोडी घट धरूनही पाचशेच्या जवळपास पोचता येतं. मे महिन्यात हा फरक कमी होतो हेही सांगायला हवं. हवा ४५ अंशांवर गेली की पॅनल ६५ ते ७० अंशांवर तापतं आणि ५४० चे ४६० होतात. तरी ४६० आणि ३५० मधला फरक उरतोच.

पीडब्ल्यूएम कुठे चालेल? १२ व्होल्टसाठीच बनवलेलं ३६ सेलचं लहान पॅनल, १२ व्होल्टची एक बॅटरी, चार दिवे आणि एक पंखा असेल तिथे. त्यापलीकडे एमपीपीटीच. आणि 'एमपीपीटी' असं स्टिकरवर छापणं सोपं आहे, म्हणून माहितीपत्रकात एमपीपीटीची व्होल्टेज मर्यादा किती ते किती दिली आहे ते पाहा. ती दिलेलीच नसेल तर ते स्टिकर खोटं समजा.

जानेवारीची पहाट आणि मेची दुपार

ही मर्यादा महाराष्ट्रातल्या समुद्रकाठच्या गावात एवढी त्रास देत नाही. ग्वालियरमध्ये देते. इथे जानेवारीत पहाटे पारा ३–४ अंशांवर उतरतो आणि मे-जूनमध्ये ४५ च्या वर जातो. पॅनलचा व्होल्टेज थंडीत वाढतो, उन्हात घटतो.

दोन पॅनलं एकापुढे एक जोडली की कोरा व्होल्टेज होतो ९९. तुमच्या यंत्राची कमाल मर्यादा १०० असेल तर मिस्त्री म्हणेल, बसतंय. पट्टीवरचा आकडा २५ अंशांचा असतो. थंडीच्या सकाळी, ऊन पडल्याबरोबर, तो सुमारे सहा टक्के वाढून १०५ होतो. यंत्र जळतं, आणि व्होल्टेज जास्त दिला म्हणून वॉरंटीही हातची जाते.

आता उलट बाजू. काही नव्या यंत्रांना काम करायला किमान १२० व्होल्ट लागतात. तीन पॅनलांचे होतात १२३. मिस्त्री पुन्हा म्हणेल, बसतंय. मेच्या दुपारी ते १०५ वर उतरतात आणि ऐन उन्हात, कूलर चालू असताना, उत्पादन कोसळतं.

तेव्हा नियम असा ठेवा :

- पट्टीवरच्या कोऱ्या व्होल्टेजची बेरीज यंत्राच्या कमाल मर्यादेपेक्षा निदान १० टक्के कमी हवी.
- काम करतानाच्या व्होल्टेजची बेरीज किमान मर्यादेपेक्षा निदान २० टक्के जास्त हवी.
- दोन पॅनलांसाठी कमाल मर्यादा १४५–१५० व्होल्ट असलेलं यंत्र पाहा. १२० पासून सुरू होणारं असेल तर चार पॅनलं एका रांगेत लागतील.

म्हणून आधी इन्व्हर्टर आणि मग पॅनल असं घेऊ नका, आधी पॅनल आणि मग इन्व्हर्टर असंही नाही. दोन्हींचे कागद एका टेबलावर ठेवून निवडा.

किती मोठा? व्हीए नव्हे, वॉट मोजा

यंत्रावर ठळक अक्षरांत व्हीए लिहिलेले असतात. १००० व्हीएचा इन्व्हर्टर ०.८ पॉवर फॅक्टरचा असेल तर तो ८०० वॉटच देतो. कागदावर वॉट शोधा.

एका मध्यम घराचा रोजचा हिशेब असा दिसतो :

- ९ वॉटचे ५ एलईडी, ५ तास : २२५
- ३० वॉटचे ३ बीएलडीसी पंखे, १० तास : ९००
- कूलर १८० वॉट, ६ तास : १०८०
- टीव्ही ६० वॉट, ३ तास : १८०
- वायफाय १० वॉट, दिवसभर : २४०
- फ्रिज : सुमारे ८००

एकूण ३४२५, म्हणजे जवळजवळ साडेतीन युनिटं. बॅटरी आणि इन्व्हर्टरमधली घट धरून साडेचार युनिटं तयार व्हायला हवीत. एक किलोवॉट पॅनल दिवसाला सरासरी चार युनिटं देतं. दोन ५४० वॉटची पॅनलं काठावर येतात, डिसेंबर-जानेवारीत धुकं दाटलं की कमी पडतात. मेन लाइट जोडलेली असेल तर दोन चालतील, नसेल तर तीन लावा.

इन्व्हर्टरचा आकार मात्र रोजच्या युनिटांवरून ठरत नाही. एका वेळी काय काय चालू असेल त्यावरून ठरतो. वरचं सगळं एकदम चालू केलं तर साडेपाचशे वॉटच्या आत बसतं. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाच-सहापट ओढतो, त्यासाठी दीड ते दोन केव्हीएचं यंत्र हवं. अर्ध्या हॉर्सपॉवरचा टुल्लू पंपही त्यावरच चालवायचा असेल तर एक पायरी वर जावं लागेल. माझं मत, पंप मेन लाइटवरच ठेवा. दिवसात अर्धा तास चालणाऱ्या पंपासाठी वर्षभर मोठा इन्व्हर्टर पोसू नका.

'पोसू नका' हे मुद्दाम म्हटलं. इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो, घरात काहीच चालू नसतानाही. पाच केव्हीएचं यंत्र ५० वॉट खात असेल तर दिवसाला १.२ युनिटं गेली, म्हणजे वरच्या घराच्या गरजेचा एक तृतीयांश. गळका नळ रात्रभर टपकत राहावा तसं हे. दुकानदार पुढे लागेल म्हणून मोठं घ्या सांगतो. तुम्ही 'नो-लोड' खप किती ते विचारा.

पंखे साधे ७५ वॉटचे असतील तर इन्व्हर्टर मोठा करण्याआधी पंखे बदला. स्वस्त पडतं.

१२, २४ की ४८ व्होल्ट?

हजार वॉट १२ व्होल्टवर काढायला ८३ अँपिअर लागतात, ४८ वर फक्त २१. करंट वाढला की तार जाड, जोड गरम आणि घट जास्त. ५०० वॉटपर्यंत १२, दोन किलोवॉटपर्यंत २४, त्यापुढे ४८ असं धरा. पुढे वाढवायचा विचार असेल तर आजच २४ घ्या. १२ चा इन्व्हर्टर नंतर २४ होत नाही, विकावा लागतो.

ट्रान्सफॉर्मरवाला की हलका?

उचलून पाहा, कळतं. जड यंत्रात तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा ट्रान्सफॉर्मर असतो. मोटर सुरू होतानाचा झटका तो निवांत सोसतो, आणि आपल्या गावातला कारागीर तो उघडून दुरुस्त करू शकतो. खप थोडा जास्त. हलका, ट्रान्सफॉर्मर नसलेला इन्व्हर्टर वीज कमी वाया घालवतो, स्क्रीनवर सगळे आकडे दाखवतो, पण बिघडला की आख्खं बोर्ड बदलावं लागतं.

घरात कूलर, फ्रिज, पंप अशा मोटरी जास्त असतील आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर ग्वालियरमध्ये नसेल तर जड घ्या. लिथियम बॅटरी, चार-सहा पॅनलं आणि शहरात सर्व्हिस असेल तर हलका बरा.

बॅटरी बघून इन्व्हर्टर, उलट नव्हे

१२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या दोन ट्यूबुलर बॅटऱ्या म्हणजे कागदावर ३.६ युनिटं. आयुष्य टिकवायचं तर त्यातली निम्मीच वापरावी, १.८. सोलरसाठी बॅटरी घेताना क्षमता 'सी-१०' वर मोजलेली आहे का ते पाहा. 'सी-२०' वर तीच बॅटरी मोठी दिसते. २५.६ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी २.५६ युनिटांची, पण ९० टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणजे २.३. ती सुरुवातीला महाग पडते, पण पाणी घालायचं काम नाही.

लिथियम आज नको असेल, दोन-तीन वर्षांनी घ्यायची असेल, तरी इन्व्हर्टरमध्ये लिथियमचं सेटिंग आत्ताच असायला हवं. लेड-ॲसिडसाठी अधूनमधून जास्त व्होल्टेज देऊन बॅटरी 'इक्वलाइझ' केली जाते, लिथियमला ते चालत नाही. ते बंद करता येतं का विचारा.

आणि जागा. छतावरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात इन्व्हर्टर ठेवलात तर तो स्वतःला वाचवण्यासाठी क्षमता कमी करतो, लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य तर दर १० अंशांमागे जवळपास निम्मं होतं. तळमजल्यावर, हवेशीर, सावलीत. गॅस सिलिंडरच्या शेजारी किंवा समई लावलेल्या देवघरात नको, लेड-ॲसिड बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते.

किल्ल्याखालच्या छताचे दोन प्रश्न

किला गेटच्या घरांना पश्चिमेकडून किल्ल्याचा शंभरेक मीटर उंच डोंगर लागतो. तुमचं घर पायथ्याला असेल तर मावळायच्या बऱ्याच आधी ऊन जातं. पॅनल दक्षिणेऐवजी किंचित आग्नेयेकडे वळवा म्हणजे सकाळचं ऊन पुरेपूर मिळेल. कल साधारण अक्षांशाएवढा, २६ अंश. एका रांगेतल्या एका पॅनलवर शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली पडली तरी सगळ्या रांगेला फटका बसतो, म्हणून छतावर सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता उभं राहून सावली खडूने आखून घ्या.

दुसरा प्रश्न कायद्याचा. ग्वालियरचा किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. हजिऱ्याजवळची मोहम्मद गौस यांची कबरही अशीच संरक्षित आहे. सावली चुकवायला उंच लोखंडी सांगाडा उभारणार असाल तर तो बांधकामात मोडतो का, हे पुरातत्त्व खात्याच्या सक्षम अधिकाऱ्याला लेखी विचारा. 'इथे सगळेच लावतात' हे नोटीस आल्यावर उपयोगी पडत नाही.

जुन्या घरांच्या छतावर दगडी पटिया असतील तर त्यात बोल्ट ठोकू देऊ नका. एक पॅनल २८ किलोच्या आसपास असतं, पण खरा धोका वजनाचा नसून आंधीत पॅनल उचलणाऱ्या वाऱ्याचा आहे. सांगाडा भिंतीवर की गर्डरवर टेकवायचा, हे इंजिनिअरला दाखवून ठरवा.

वायरिंगमध्ये हमखास होणाऱ्या चुका

- इन्व्हर्टरच्या आणि मेनच्या लाइनला एकच न्यूट्रल. जुन्या वायरिंगमध्ये हे सर्रास आढळतं. आरसीसीबी (विजेची गळती पकडणारा स्विच) विनाकारण पडतो, किंवा तोच काढून टाकला जातो. दोन्ही वाईट. इन्व्हर्टरची लाइन न्यूट्रलसह वेगळी ओढून घ्या.
- पॅनलच्या बाजूला घरगुती एसी एमसीबी. तिथे डीसीचाच हवा, एसीचा ठिणगी विझवू शकत नाही.
- पॅनलच्या सांगाड्याला आणि यंत्राला अर्थिंग नसणं.
- बॅटरीच्या तारेवर फ्यूज नसणं.

पावती, वॉरंटी आणि तुमचे हक्क

कोटेशन लेखी मागा आणि त्यात एवढं असायलाच हवं : मॉडेल नंबर, वॉटमधली क्षमता, सुरुवातीचा झटका किती सोसतो, एमपीपीटीची मर्यादा, नो-लोड खप, बीआयएसचा नोंदणी क्रमांक आणि आयएस १६२२१ चा उल्लेख, वॉरंटी घरी येऊन की यंत्र उचलून नेऊन. पावती जीएसटीची, त्यावर यंत्र, पॅनल आणि बॅटरीचे सीरियल नंबर वेगवेगळे. सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, लेड-ॲसिड बॅटरीचा २८ वरून १८. सगळं एका ओळीत 'सोलर सिस्टिम' लिहून जास्त दर लावला आहे का ते तपासा.

ऑन-ग्रिड किंवा हायब्रिड लावणार असाल तर वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जासाठी वीज कंपनीला वेगळा तांत्रिक अभ्यास मागता येत नाही, अर्ज मान्य झाल्याचं धरलं जातं. ग्वालियरमध्ये ही कंपनी म्हणजे मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनी, तक्रारीचा नंबर १९१२. सूर्य घर योजनेतल्या संचाची पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे असते. त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

विकलेलं यंत्र सांगितल्यासारखं निघालं नाही तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते, माल दिल्लीहून किंवा आग्ऱ्याहून आणलेला असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. जुनी बॅटरी भंगारात देण्याआधी नव्या बॅटरीच्या विक्रेत्याला विचारा, २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

शेवटचा हप्ता मात्र हातात ठेवा. संच लागल्यावर दुपारी मेन स्विच बंद करा, कूलर, फ्रिज, पंखे आणि टीव्ही एकदम सुरू करा, अर्धा तास थांबा. स्क्रीनवर सोलरचे वॉट किती दिसतात त्याचा फोटो काढा. रात्री पुन्हा मेन बंद करून तेच सगळं नुसत्या बॅटरीवर तासभर चालवा. दोन्ही वेळा यंत्र न कुरकुरता चाललं तरच उरलेले पैसे द्या.